राजाला मूल नव्हतं

"पाळण्याची दोरी यंदा मंदा ओढेल," उमाकाकूंनी सांगून टाकलं आणि हातातल्या झेंडूच्या माळेला गाठ मारली.

रामनवमीच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. पिंपळखुंट्याच्या राममंदिरात, सभामंडपाच्या थंडगार फरशीवर, आम्ही सात-आठ बायका रामाचा पाळणा सजवत बसलो होतो. काकूंचं बोलणं ऐकलं आणि सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ठकूमावशी पाळण्याच्या पितळी कड्या चिंचेनं घासत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला. मंदा म्हणजे मी, आणि माझ्या हातातल्या मोगऱ्याचं काय करावं ते मला कळेना.

त्या देवळाची रीत जुनी. बाराला जन्म झाला, गुलाल उडाला, की पाळण्याची पहिली दोरी लेकुरवाळीनं ओढायची. मग बाकीच्यांनी. ठकूमावशींच्या घरी मुलं-नातवंडांनी अंगण भरलेलं, त्यामुळे कित्येक वर्षं तो मान त्यांच्याकडे होता आणि त्यांनी तो काटेकोरपणे सांभाळला होता. मी कीर्तनकार श्रीपादबुवा खांबेट्यांची बायको. बुवांच्या साथीला पेटीवर बसायची. दर चैत्रात आम्ही उत्सवाला पिंपळखुंट्यात यायचो आणि काकूंच्या घरी, म्हणजे पारख्यांकडे उतरायचो. पाळण्याला सूर मीच द्यायची, पण पाळण्यापासून चार हात लांब बसून. लांब बस असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाईला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. आपण खोलीत शिरलो आणि एखादीनं मांडीवरचं पोर पदराखाली ओढलं, की समजायचं ते समजतं.

"काकू, मला का मंदाचं वावडं आहे?" ठकूमावशी म्हणाल्या. "गुणाची पोर आहे. पण हा मान लेकुरवाळीचा. जन्माच्या वेळी रामाच्या पाळण्याला वांझेचा हात लावायचा म्हणजे..." पुढचं त्यांनी कड्यांना सांगितलं.

उमाकाकू पारख्यांच्या सूनबाई. देऊळ पारख्यांनी बांधलेलं, तेव्हा गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी माळ खाली ठेवली.

"मला एक मुलगी झाली, ठकूताई, आणि मग काही नाही. माझ्या सासूबाई मला काकवंध्या म्हणायच्या. कावळीण म्हणे जन्मात एकदाच विते. भटजींना मुद्दाम विचारून आणला होता त्यांनी शब्द. मूल मेलं तर त्या बाईला वेगळा शब्द आहे. मुलीच झाल्या तरी आहे. शास्त्रानं आपल्यासाठी इतके शब्द केलेत, तर एका दोरीला एक हात लागला म्हणून काय बिघडतं?"

पण ठकूमावशीही कच्च्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, शास्त्राचं तुम्हीआम्ही कशाला बोलायचं, बुवा आहेत की गावात. उद्या जन्माच्या कीर्तनात त्यांनी व्यासपीठावरून सांगावं की चालतं, तर मी आपल्या हातानं मंदाच्या हातात दोरी देईन. बुवा सांगतील ते मान्य.

"झालं तर," काकू म्हणाल्या.

मी मान खाली घालून मोगरा ओवत राहिले, पण मला हसू आवरत नव्हतं. ठकूमावशींनी निवाडा मागितला होता, आणि तोही कुणाकडे? माझ्या नवऱ्याकडे. बिचाऱ्यांना काय माहीत की निवाडा केव्हाच झालेला आहे.

ती गोष्ट अशी. लग्नाला बरीच वर्षं उलटली आणि आमच्याकडे पाळणा हलेना, तेव्हा सासूबाईंनी जे जे करायचं ते सगळं माझ्याकडून करून घेतलं. औदुंबराला प्रदक्षिणा झाल्या, नागाची पूजा झाली, कुणाकुणाचे अंगारे पोटात गेले. सगळं मीच केलं. यांना कुणी एक गुरुवारसुद्धा धरायला सांगितला नाही. कूस माझी, तर खोटही माझीच असणार, यात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. आपल्या बोलण्यातच ते मुरलेलं आहे. जमीन वांझ, गाय वांझ, न फळणारा आंबा वांझ. वळूला वांझ म्हटलेलं मी तरी अजून ऐकलं नाही.

सासूबाई दुसऱ्या लग्नाचं बोलू लागल्या, तेव्हा यांनीच मला मिरजेच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर फटकळ होते. त्यांनी दोघांनाही तपासलं आणि दोघांसमोरच सांगितलं, बाईंच्यात काही दोष नाही. बुवा, दोष तुमच्यात आहे आणि त्याला औषध नाही.

तिथून एसटी स्टँडवर आलो. हे बाकावर बसले ते उठेचनात. त्या दिवशी संध्याकाळी जवळच्याच गावात यांचं कीर्तन होतं. "मी उभा कसा राहू, मंदा?" एवढंच दोनदा म्हणाले. मी चहा आणून हातात दिला. तो तसाच हातात निवत गेला. मला माझं दुःख आठवलंच नाही, यांचंच दिसत होतं. मी म्हटलं, "घरी सांगू, दोष माझ्यात आहे. आई दुसऱ्या लग्नाचं काढतील, ते तुम्ही मोडून काढा. लोक वांझ म्हणतील, ते मी बघते."

यांनी भर स्टँडवर माझा हात धरला. चारचौघांत माझ्याशेजारी चालायलाही संकोचणारा माणूस तो. म्हणाले, "हा शब्द माझ्या तोंडून कधी निघणार नाही. घरात नाही आणि व्यासपीठावर तर नाहीच."

आणि निघाला नाही. ही गोष्ट मला मान्यच करायला हवी, इतकी वर्षं निघाला नाही. वेदान्तातला वंध्यापुत्राचा दृष्टान्त प्रत्येक कीर्तनकाराच्या पोतडीत असतो. जगात जे असूच शकत नाही त्याचं उदाहरण म्हणजे वांझेचा मुलगा. हमखास हशा मिळतो त्यावर. यांनी तो टाकून दिला. रामजन्माच्या आख्यानात तर या शब्दाला पाटच मांडलेला. अयोध्येच्या राजाला तीन राण्या, तिघींची कूस रिकामी, म्हणून यज्ञ. एकदा घरी आख्यान बसवताना मी पेटी धरली होती आणि हे मध्येच झांजा थांबवून हसायला लागले.

"तीन राण्या, आणि तिघींनाही नाही. इतकी वर्षं लोक ऐकताहेत, कुणाला शंका कशी येत नाही गं?"

मीही हसले. खूप दिवसांनी आम्ही दोघं त्या गोष्टीवर हसलो. तेव्हापासून यांनी वाक्यच बदललं. राण्यांचं काही म्हणायचंच नाही. "राजाला मूल नव्हतं," एवढं म्हणायचे, आणि म्हणताना डावीकडे मान वळवून माझ्याकडे, पेटीकडे बघायचे. हजार माणसं समोर बसलेली असोत, कुणाला त्यात काही दिसायचं नाही. त्या एका बघण्यावर मी वर्षाचं बोलणं सहन करायची. ओटी भरायला मला वगळलं जायचं, बारशाचं बोलावणं उशिरा यायचं, तेव्हा मी मनात म्हणायची, असू दे, चैत्रात हे म्हणतील.

तर देवळातून परत आले ती मी हवेतच होते. हे पारख्यांच्या माडीवर उद्याच्या कीर्तनाची उजळणी करत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. पण यांचं लक्ष भलतीकडेच होतं. सकाळीच यांना काकूंचे यजमान नानासाहेब सांगून गेले होते की पंचांच्या मनात पुढच्या वर्षापासून चारुदत्तबुवांना बोलवायचं आहे. पुण्याचा तरणा मुलगा, आवाज गोड, लोकांना हसवतो, रडवतो. गेल्या गोकुळाष्टमीला त्यानं मंडप खच्चून भरवला होता. नानासाहेब म्हणाले होते, तुमचं कीर्तन विद्वत्तेचं हो, पण हल्ली लोक मागून उठून जातात.

"आता यात तुझी दोरी," हे म्हणाले. रागावून नाही, थकून म्हणाले.

मी म्हटलं, राहू द्या मग. मी काकूंना सांगते की नको.

त्यावर ते जरा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. मग वळले तेव्हा चेहरा पुन्हा माझ्या ओळखीचा होता. "नको कशाला? ओढ तू दोरी. उद्या भर कीर्तनात सांगतो. कुणी ब्र काढणार नाही बघ."

"नुसतं शास्त्र सांगा," मी म्हटलं. "भक्ताला मज्जाव नाही, एवढंच. माझं काही सांगू नका."

"बरं."

"नक्की ना?"

"अगं बरं म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतलं जांभळं इरकल नेसले. काकूंनी माझ्या केसांत स्वतः गजरा माळला. मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि बायका पदरानं वारा घेत होत्या. मी पेटीवर, माझ्याशेजारी तबल्यावर दिनकर. दिनकर आमच्याबरोबर गावोगाव हिंडणारा, घरच्यासारखा माणूस. ठकूमावशी अगदी पुढे, पाळण्याला लागून बसल्या होत्या. बुवा सांगतील ते ऐकायला.

हे उभे राहिले. पूर्वरंग सुरू झाला. विषय नामाचा होता. चांगलं बोलत होते, पण मला पाठमोऱ्या अंगरख्यावरूनसुद्धा यांचं बिनसलेलं समजायचं. मागच्या रांगांत कुजबुज चालली होती. दोघं-तिघं उठून बाहेर विडी ओढायला गेले. नानासाहेब खांबाला टेकून जांभई देत होते. हे ते सगळं बघत होते.

आणि मग यांनी वंध्यापुत्राचा दृष्टान्त काढला.

वांझेच्या मुलाचं लग्न ठरलंय, आकाशाच्या फुलांच्या मुंडावळ्या बांधून स्वारी वरातीला निघालीय, असं करत करत यांनी ती वरात मंडपात फिरवून आणली. लोक हसायला लागले. विडीवाले आत आले. माझं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. दिनकरनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मनाला समजावलं, ओघात आलं असेल. माणूस घाबरला की जुनी सवय वर येते. उत्तररंगात, रामजन्माच्या आख्यानात, आपलं वाक्य आहेच.

उत्तररंग लागला. शरयूचा काठ झाला, अयोध्येचं वर्णन झालं, राजाचा पराक्रम झाला. ते वाक्य कुठे येतं ते मला स्वरासकट पाठ होतं. मी मान वर करून वाट बघत राहिले.

"पण काय उपयोग, मायबाप?" हे म्हणाले. "राजाच्या तिन्ही राण्या वांझ."

यांनी डावीकडे पाहिलं नाही.

मग झांजा खाली ठेवल्या. आवाज असा खाली आणला की मंडपातली लहान मुलंसुद्धा गप्प झाली. "राण्यांचं कशाला सांगू? दूर कशाला जायचं?" आणि हात लांब करून माझ्याकडे दाखवलं. "ही माझी पत्नी. तुम्ही तिची पेटी ऐकता. तिचं दुःख कुणाला ऐकू येतं का? देवानं सगळं दिलं, एक कूस तेवढी दिली नाही. घरच्यांनी सांगितलं, दुसरी करा. मी म्हटलं, रामानं पदरात घातली ती ठेवायची. झाड फळत नाही म्हणून कुणी त्याची सावली तोडतं का?"

कुणीतरी मोठ्यानं "वा बुवा" म्हणालं. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला, तिचं बघून दुसरीनं लावला.

"त्या वांझ बाईची एकच इच्छा आहे. रामाच्या पाळण्याला आज तिचा हात लागावा. शास्त्र नको म्हणत असेल. पण शास्त्राहून राम मोठा आहे. मायबाप, मी झोळी पसरतो. एवढी भिक्षा माझ्या मंदाच्या पदरात घाला."

आणि यांनी खरंच उपरणं पसरलं.

सगळा मंडप रडत होता. पुरुषांच्या बाजूनं "द्या, द्या" असा गलका झाला. नानासाहेब चष्मा काढून पुसत होते. चारुदत्तबुवाची आठवण त्या घटकेला कुणाला असेल तर शपथ. ठकूमावशी हुंदके देत माझ्याकडे बघत हात जोडत होत्या.

मी काय करत होते? मी पेटी वाजवत होते. डावा हात भाता ओढत होता, उजवा सुरांवर होता. मला वाटत होतं की कुणीतरी माझं लुगडं भर बाजारात फेडलंय आणि लोक वर म्हणताहेत, वा, काय सुंदर पोत आहे. वांझ म्हणून मला सगळ्या जगानं म्हटलं होतं. जगाला म्हणायला मीच परवानगी दिली होती. ज्याच्यासाठी दिली होती, तो एक सोडून.

बारा वाजत आले. पुजाऱ्यानं गुलालाचं ताट उचललं. ठकूमावशी स्वतः उठून आल्या आणि मला हाताला धरून पाळण्यापाशी घेऊन गेल्या. त्यांनी शब्द पाळला, दोरी माझ्या हातात दिली. रेशमी दोरी, मीच तिला आदल्या दिवशी मोगरा बांधला होता. समोर हे उभे होते, कपाळावर बुक्का, डोळे ओले, अगदी तृप्त. खोटं सांगत नाही, त्या क्षणी त्यांना मनापासून वाटत होतं की आपण मंदाला हवं ते मिळवून दिलं.

मी म्हटलं, "बुवा, एक वाक्य राहिलं."

माईक जवळच होता. माझा आवाज मंडपभर गेला. मीच दचकले, पण थांबले नाही.

"कोणतं?" यांनी हसून विचारलं.

"दरवर्षीचं. 'राजाला मूल नव्हतं.' तेवढं म्हणा, मग मी ओढते."

लोकांना वाटलं, आख्यानातली एखादी रीत असेल. पेटीवरची बाई बुवांना विसरलेलं आठवून देतेय, त्यात नवल ते काय. पुजारी ताट घेऊन थांबला. शंख हातात धरून गुरव थांबला. सगळे यांच्याकडे बघत होते.

यांचा चेहरा मी पाहिला. आधी हसू गेलं, मग रंग गेला. ओठ हलले. मला वाटलं, म्हणतील. एसटी स्टँडवरचा माणूस कुठेतरी आत असेल, तो म्हणेल. तीन शब्द तर होते. मी दोरी घट्ट धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, म्हणा हो, सगळं विसरते मी, म्हणा.

यांनी मान फिरवली आणि गुरवाला खूण केली.

शंख वाजला. घंटा सुरू झाल्या. वरून गुलाल आणि फुलं पडायला लागली आणि "रामचंद्र की जय" असा एकच घोष झाला. बायका म्हणत होत्या, ओढ मंदा, ओढ. मी दोरी ठकूमावशींच्या हातात दिली. त्या घेईनात. "अगं, तुला मिळाली ना आता," असं म्हणत राहिल्या. मी त्यांची मूठ दोरीवर मिटवली आणि परत येऊन पेटीवर बसले. पाळणा म्हणायचा होता. त्यात रामाचा काय अपराध? मी सूर दिला, बायकांनी गाणं उचललं आणि ठकूमावशी रडत रडत दोरी ओढू लागल्या.

जेवणं झाल्यावर हे माडीवर आले. मी सामान बांधत होते.

"एवढं करून दोरी मिळवून दिली, ती सोडलीस का?"

"मिळवून दिली नाहीत. मागून आणलीत."

"लोक असं काही केल्याशिवाय देत नाहीत, मंदा. नुसतं शास्त्र सांगितलं असतं तर ठकूबाईंनी ऐकलं असतं?"

"आणि उत्सव?"

उत्सव यांच्याकडेच राहिला होता. नानासाहेबांनी जेवणाच्या पंगतीतच जाहीर केलं होतं.

मी म्हटलं, "ते वाक्य का नाही म्हणालात? दरवर्षी म्हणत होतात. आजही म्हटलं असतं तरी कुणाला काही कळलं नसतं. एकट्या मला कळलं असतं."

हे भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "ते सगळं बोलून झाल्यावर? सगळे रडत असताना? नाही जमलं मला." मग जरा चिडून म्हणाले, "आणि मी तुला टाकलं नाही, हे तर खरं आहे ना? तेवढं तरी खरं आहे ना?"

मी इरकलाची घडी घातली. खरंच होतं ते.

निघताना काकूंनी मला देवघरात नेलं आणि ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, काही कमी ठेवलं नाही. पदर सावरून मी वाकले तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं. दाराकडे एकदा पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू ते म्हणालीस ना, तेव्हा मी बुवांच्या तोंडाकडे बघत होते."

मी ओटीतला नारळ सावरला.

"तीन राण्या गं," काकू म्हणाल्या. "जन्म गेला ऐकण्यात." आणि माझ्या ओटीत आणखी एक मूठ तांदूळ घातले.

त्यानंतर मी पेटी उघडली नाही. यांनी एक-दोनदा विचारलं, मी हात दुखतात म्हटलं. संसार तसाच चालला. मी यांचं जेवणखाण केलं, आजारपणं काढली, शेवटही नीट केला, आणि यांनीही मला कधी वाईट वागवलं नाही. गावोगावचे लोक मला येऊन सांगायचे, बाई, तुम्ही भाग्यवान, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. पिंपळखुंट्यातला तो प्रसंग लोकांना फार आवडला होता. तो ठरल्यासारखा यांच्या कीर्तनात दर रामनवमीला यायला लागला. चारुदत्तबुवासुद्धा आपल्या कीर्तनांत तो सांगतात, असं मध्ये कानावर आलं. म्हणजे आता मी दृष्टान्तातही जाऊन बसले.

हे गेल्यावर दिनकर भेटायला आला होता. बोलता बोलता मी त्याला विचारलं, ते राजाचं वाक्य बुवांनी पुन्हा कधी घेतलं का? दिनकर म्हणाला, नाही वहिनी, शेवटपर्यंत 'तिन्ही राण्या वांझ' असंच म्हणायचे. मग जरा थांबून म्हणाला, पण ते म्हणताना दरवर्षी डावीकडे पेटीकडे वळून बघायचे, ते का ते मला कधी समजलं नाही. पेटीवर तर तेव्हा मिरजेचा एक मुलगा असायचा.